पुरवून पाहिलेले फोटो

विश्वजीत कारखानीसच्या हातून त्याच्या मुलीचे सगळे फोटो पुसले गेले, ती नोव्हेंबरमधल्या एका शनिवारची सकाळ होती. त्याची बायको अनुया कॉलेजात गेली होती. पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती सकाळच्या सत्रात मराठी शिकवायची आणि दीडच्या सुमाराला सुकापूरच्या फ्लॅटवर परत यायची. विश्वजीतला शनिवार-रविवार सुट्टी. न्हावाशेव्याच्या एका शिपिंग कंपनीत तो कॉम्प्युटरची व्यवस्था बघायचा. कंपनीचा सगळा डेटा रोजच्या रोज दोन ठिकाणी नीट उतरतोय की नाही, हे पाहणं हेच त्याचं काम. म्हणून तर ही गोष्ट पुढे कुणाला सांगताना त्याची जीभ अडखळायची.

रेवा त्यांची एकुलती एक. तीन वर्षांपूर्वी, २०२२च्या ऑगस्टमध्ये, पाच दिवसांच्या तापात गेली. साडेनऊ वर्षांची होती.

ती गेल्यावर दीडेक महिन्याने अनुया एका दुपारी तांदूळ धूत होती. ओट्यावर ठेवलेल्या मोबाइलने आपण होऊन रेवाचा फोटो समोर आणला. वर लिहिलं होतं, 'तीन वर्षांपूर्वी आजच्या दिवशी'. संध्याकाळी विश्वजीत घरी आला तेव्हा तांदूळ स्वयंपाकघरभर सांडलेले होते आणि अनुया ओट्याला टेकून जमिनीवरच बसली होती.

"हे बंद कर," ती म्हणाली. "माझ्या फोनमध्ये नको, तुझ्या नको. असं अचानक समोर आलेलं मला नाही सोसत."

"काढून टाकू?"

"टाकू नको रे. सांभाळून ठेव. फक्त माझ्या समोर येऊ देऊ नकोस."

विश्वजीतने ते काम मन लावून केलं. त्या दिवसांत करण्यासारखं दुसरं त्याच्यापाशी काही नव्हतंच. दोन्ही फोनमधले, जुन्या लॅपटॉपमधले, इंटरनेटवर जिथे जिथे आपोआप जाऊन बसले होते तिथले सगळे फोटो त्याने घरच्या स्टोरेजच्या डब्यात उतरवले आणि बाकी सगळीकडून पुसले. टीव्हीमागच्या फळीवर ठेवलेला तो डबा जाडजूड शब्दकोशाएवढा होता. आत दोन डिस्क. एकीवर जे जाई तेच दुसरीवर आपोआप उतरे. महिन्यामहिन्याचं एक फोल्डर, फेब्रुवारी २०१३ ते ऑगस्ट २०२२. अकरा हजारांच्या वर फोटो, त्यात चार-पाचशे व्हिडिओ. तेराव्याला शाळेच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला एक फोटो तेवढा फ्रेममध्ये होता, तोही अनुयाने माळ्यावर ठेवायला लावला. घरात रेवा आता फक्त त्या डब्यात होती आणि डबा विश्वजीतच्या ताब्यात होता. त्याची त्याला मनातून थोडी भीती वाटायची आणि थोडा आधारही.

नोव्हेंबरात एका डिस्कचा दिवा लाल झाला. डिस्क खराब झाली होती. त्याने नवी मागवली आणि त्या शनिवारी बसवायला घेतली. पुण्याहून बहिणीचा, चारुताचा फोन चालू होता. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल ती बोलत होती, फोन स्पीकरवर होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रश्न आला, सर्व माहिती पुसली जाईल, पुढे जायचं का? नव्या डिस्कवर काय असणार, असं मनाशी म्हणत त्याने होकाराचं बटण दाबलं. डिस्क तळापासून साफ करून तपासायची आहे का, असंही विचारलं होतं. त्यालाही हो म्हटलं. मग चारुताला म्हणाला, "अगं, ऑपरेशन एकदाचं करूनच टाकू."

मशीन दिवसभर घुरघुरत राहिलं. दुपारी अनुया आली, दोघं जेवली, ती पेपर तपासत बसली. संध्याकाळी ती वाण्याकडे गेल्यावर त्याने डबा उघडून पाहिला. दोन्ही डिस्क कोऱ्या होत्या. त्याने होकार दिला होता तो फक्त नव्या डिस्कसाठी नव्हता, दोन्हींसाठी होता.

तो जागचा हलला नाही. प्लग काढावा, पुन्हा चालू करावा, असलं काहीसुद्धा त्याने केलं नाही. काय झालंय ते त्याला पहिल्या क्षणीच कळलं होतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं झालं असतं तर त्याला समजावून सांगायला त्यालाच बोलावलं असतं.

सोमवारी तो रजा टाकून वाशीला गेला. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या एका माणसाचं तिथे दुकान होतं. प्रितेश त्याचं नाव. विश्वजीतने काढून ठेवलेली जुनी, बिघडलेली डिस्कही त्याने तपासायला घेतली. चार दिवसांनी त्याने विश्वजीतला समोर बसवलं.

"जुन्या डिस्कच्या तबकड्या आतून घासल्या गेल्यात. चरे पडलेत पार," प्रितेश म्हणाला. "आणि दुसरीवर, तुम्हाला तर माहीतच आहे सर, नुसती शून्यं आहेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"थोडेसुद्धा नाही? शंभर? पन्नास?"

"एकही नाही, सर." मग त्याने विचारलं, "कुणाचे होते?"

"मुलीचे."

"मग तिचे नवे काढता येतील की," तो सहज म्हणाला, आणि मग त्याने विश्वजीतच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डिस्क कागदात गुंडाळून देताना त्याने नजर वर केली नाही.

अनुयाला सांगायचं असं विश्वजीतने वाशीच्या स्टेशनवरच ठरवलं होतं. पण घरी आला तेव्हा तिने पातोड्या केल्या होत्या, कित्येक महिन्यांनी, आणि गॅसपाशी उभी राहून ती काहीतरी गुणगुणत होती. उद्या सांगू, त्याला वाटलं. उद्याचा परवा झाला. तिने तीन वर्षांत एकदाही फोटो मागितले नव्हते. कधी मागेलच असं नव्हतं. मागेपर्यंत निदान थोडे तरी गोळा करून ठेवावेत, म्हणजे हातात अगदीच काही नाही असं व्हायचं नाही.

मग तो मागत सुटला. चारुताने तिच्या फोनमधले चौदा पाठवले. रेवाच्या वर्गशिक्षिका अंकिता मिस यांच्याकडे स्नेहसंमेलनाचे सहा निघाले, त्यांतल्या दोनांत रेवा मागच्या रांगेत होती आणि तिच्या तोंडासमोर कुणाचा तरी पुठ्ठ्याचा मुकुट आला होता. सोसायटीतल्या लोकांकडे वाढदिवसांचे फोटो होते. दुसऱ्या मुलांच्या वाढदिवसांचे. त्यांत केक कापणाऱ्या मुलाच्या खांद्यामागे रेवाचा अर्धा चेहरा असे, कधी नुसता हात, त्यातल्या हिरव्या बांगड्यांवरून ओळखलेला. प्रत्येकाला तो वेगळं कारण सांगे. तीन महिन्यांत एकसष्ट फोटो जमले. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो ते एकेक करून मोठे करून बघे. लोकांनी काढलेल्या फोटोंमध्ये रेवा कधीच कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ज्यांच्याकडे बघून ती हसायची, त्यांनी काढलेले फोटो गेले होते.

फेब्रुवारीत तो मालूकाकींकडे गेला. सुकापूरच्या जुन्या गावात, विश्वजीतच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या आत, मालूकाकी आणि त्यांचे यजमान तुळशीराम यांचं तीन मजली घर होतं. जमीन वसाहतीसाठी गेल्यावर मिळालेल्या पैशांतून बांधलेलं. रेवा आठ महिन्यांची असल्यापासून दिवसभर मालूकाकींकडे असायची. शाळेत जायला लागल्यावरही दुपारी तिथेच जेवायची. ती गेल्यावर अनुया त्या गल्लीत पुन्हा गेली नव्हती. भाजी आणायलासुद्धा ती लांबच्या रस्त्याने जाई.

मालूकाकी ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. विश्वजीतला पाहून त्या उठून उभ्या राहिल्या.

"या दादा," त्या म्हणाल्या. "ताई बऱ्या हायेत ना?"

विश्वजीतने त्यांना मात्र खरं सांगितलं. का, ते त्यालाही कळलं नाही. डबा, लाल दिवा, वाशीचा माणूस, सगळं. मालूकाकींना त्यातलं यंत्राचं काही समजलं नसावं, पण गेलं काय ते समजलं. त्यांच्या हातातली वालाची शेंग तशीच राहिली.

"आमच्या प्रणितच्या हळदीचा व्हिडिओ हाय," त्या म्हणाल्या. "पूर्वीच्या फोनात. रेवा नाचली व्हती त्यात." प्रणित त्यांचा धाकटा मुलगा, आणि पूर्वी म्हणजे त्यांची थोरली सून.

"काकी, तो मला पाठवायला सांगा ना."

"ताईला ठावं हाय?"

विश्वजीत टोपलीतल्या शेंगांकडे बघू लागला.

"म्हंजे नाय ठावं." मालूकाकींनी शेंग टोपलीत टाकली. "मग दादा, मी नाय देनार. राग मानू नका. आयेच्या पाठीमागं तिच्या पोरीचं काय पन देनं मना नाय जमायचं. तिला घेऊन या. दोघं या. मी इथंच हाय."

"ती येणार नाही काकी. तुम्हाला माहीत आहे."

"नाय आली तर नाय आली. पन तुमी सांगा तरी तिला."

रविवारी सकाळी अनुया डायनिंग टेबलावर मेथी निवडत होती. विश्वजीत तिच्या समोर बसला. एक जुडी त्यानेही ओढून घेतली, दोन-चार काड्या निवडल्या आणि मग म्हणाला, "अनु, एक सांगायचं होतं. रेवाचे फोटो..."

"गेले," अनुया म्हणाली.

तिचे हात थांबले नव्हते. पानं एकीकडे, देठ दुसरीकडे.

"तुला कसं..."

"पंचवीस नोव्हेंबर. मंगळवार होता. मी टॅबवरून तो डबा उघडायला गेले, तर आत काहीच नव्हतं. मला वाटलं वायफाय गेलंय. दोनदा बंद करून चालू केलं. मग कळलं." तिने मान वर केली. "तुझा तोच आठवडा वाशीच्या फेऱ्यांचा होता. खिशात तिकिटं सापडली होती."

"पण तू तर बघत नव्हतीस. तूच म्हणाली होतीस, समोर नकोत."

"अचानक समोर नकोत म्हटलं होतं मी." ती आता थांबली. "बघत होते, विशू. ती गेल्यावर वर्षभराने सुरुवात केली. तू ऑफिसात असताना. दर मंगळवारी, दुपारी, व्हिडिओ सोडून पन्नास फोटो. मोजून. पहिल्यापासून सुरू केलं होतं, हॉस्पिटलातल्या त्या गुंडाळलेल्या फोटोपासून. एखाद्या महिन्यात काहीच धड नसायचं, नुसता तिचा पाय नाहीतर हललेले, ते पटकन पुढे सरकवायचे, आणि चांगले आले की हात आखडता घ्यायचे. पुरवून पुरवून बघत होते. एकदा सगळे बघून झाले की पुढे काय बघायचं?"

विश्वजीतने विचारलं, "कुठपर्यंत आली होतीस?"

"जून दोन हजार एकोणीस. पहिलीचा पहिला दिवस. नवीन दप्तर घेऊन लिफ्टमध्ये उभी आहे." अनुयाचा आवाज तिथे पहिल्यांदा बदलला. "त्याच्या पुढचे मी राखून ठेवले होते. तीन वर्षांचे. काढले तेव्हा बघितले असतील फोनवर, अंगठ्याने सरकवून, 'छान आलाय' म्हणून. नीट बसून नाही बघितले. म्हटलं, आहेत की. कुठे जातायत."

तो खुर्चीतून उठला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला, पण तिने हात लावू दिला नाही.

"मला विचारायचंस ना," तो म्हणाला. "इतके महिने तू..."

"मी विचारायचं? मी?" ती ताडकन उभी राहिली, मेथीची पानं मांडीवरून खाली गेली. "चूक झाली ते मी समजू शकते. कुणाच्याही हातून होईल. पण तू रोज माझ्यासमोर बसून जेवत होतास. मी रोज वाट बघायचे, आज सांगेल, आज सांगेल. आणि खरं सांगू? तू सांगत नव्हतास तोवर मला कुठेतरी वाटायचं, कदाचित त्याने दुसरीकडे ठेवले असतील. त्याच्याकडे असतील. तू आत्ता तोंड उघडलंस आणि ते खरोखर गेले."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. विश्वजीतने खाली बसून पानं गोळा केली. त्याला रडू येत होतं, पण तिचं रडणं दाराआडून ऐकू येत असताना आपण रडावं हे त्याला बरोबर वाटेना.

पुढचे दहा-बारा दिवस घरात कामापुरतं बोलणं चाललं. मग एका संध्याकाळी अनुयाच त्याच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "त्या पुढच्यांमध्ये काय काय होतं ते सांग. बहुतेक तूच काढले होतेस."

त्याने डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. डिसेंबर एकोणीस, कर्नाळ्याला गेलो होतो. ती दगडावर बसून उकडलेलं अंडं खात होती. नारिंगी स्वेटर घातला होता.

"नारिंगी? तो तोवर तिला आखूड झाला होता. चारुताकडे देऊन टाकला होता आपण."

"नाही गं, नारिंगीच. मला चांगलं आठवतंय, मागे झाडी होती आणि तो उठून दिसत होता."

"विशू, मी स्वतः तो धुऊन, घडी करून पिशवीत भरला. दिवाळीत. डिसेंबरात तिने निळा घातला होता."

दोघंही आपापल्या म्हणण्यावर अडून बसली. आवाज चढले. मग एकदम दोघंही गप्प झाली, कारण कुणाचं खरं ते दाखवणारा फोटो आता नव्हता. विश्वजीतने पुन्हा डोळे मिटून पाहिलं. आता स्वेटर त्याला धड नारिंगीही दिसेना, धड निळाही. अंडं तरी नक्की कर्नाळ्यालाच होतं का, याचीही त्याला खात्री वाटेना.

"राहू दे," अनुया म्हणाली. या वेळी तिनेच त्याचा हात हातात घेतला. "नको आठवूस. आठवायला गेलं की अजून बिघडतंय."

तेव्हा त्याने मालूकाकींकडच्या व्हिडिओबद्दल सांगितलं.

मार्चमधल्या एका दुपारी ती दोघं गावात गेली. गल्लीच्या तोंडाशी अनुया थांबली, ओढणी सारखी केली, आणि मग न थांबता चालत गेली. मालूकाकींनी तिला ओटीवरच मिठीत घेतलं. तुळशीराम आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि तो तसाच हातात धरून उभे राहिले.

पूर्वीने फोनमध्ये व्हिडिओ लावून दिला. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांचा होता. मांडवात बायका नाचत होत्या, सगळ्यांची तोंडं हळदीने माखलेली. त्यांच्या मधोमध, नऊवारी कशीबशी आवळून नेसलेली रेवा. ती हात वर करून गरगर फिरली, थांबली, कॅमेऱ्याकडे बघून तोंड भरून हसली आणि काहीतरी म्हणाली. बँजोच्या दणक्यात तिचा शब्द ऐकू आला नाही. मग एक जाडजूड बाई मध्ये आली आणि व्हिडिओ संपला.

अनुयाने तो चार वेळा पाहिला. पाचव्या वेळी फोन कानाला लावला.

"काय म्हणतेय ती?"

"नाय समजत गो," पूर्वी म्हणाली. "आमीपन लय वेला बघितला."

अनुयाने फोन खाली ठेवला. विश्वजीतला वाटलं, इथे आणायलाच नको होतं. आवाज तर कुठल्याच फोटोत नव्हता, होता तो त्या चार-पाचशे व्हिडिओंमध्ये, आणि हे अनुयाला आत्ता, इथे उमगलं होतं.

"मला तिचा आवाज आठवत नाही, काकी," ती म्हणाली. "खूप प्रयत्न करते मी. शब्द आठवतात, आवाज नाही येत."

मालूकाकी तिच्या शेजारी सरकून बसल्या.

"कुठली बोली आठवता तुमी?" त्यांनी विचारलं. "तुमच्या घरातली का आमच्या घरातली?"

"म्हणजे?"

"पोर इथं आमच्यावानी बोलायची, ताई. तुमाला नाय ठावं? 'मना भात नको, मना मावरा पायजे.' मासलीबिगर जेवायचीच नाय. यांच्यावर तर अशी खेकसायची, 'आजा, तू खोटा खेलतंस, मी नाय खेलनार.'" तुळशीराम तांब्या घेऊन उभे होते, त्यांनी मान हलवली. "आन तुमची चप्पल वाजली ना दारात, का गप. लगेच 'आई, मी जेवले हं.' शुद्ध. आमी सगली हसायचो. मी म्हनायची, सांगू काय गो तुझ्या आयेला? तर माझ्या तोंडावर हात ठेवायची. म्हनायची, आई मराठीची टीचर हाय, तिला वाईट वाटंल."

अनुया आधी हसली. खरंच हसली, विश्वजीतने कित्येक दिवसांत न ऐकलेलं, मोठ्याने. आणि हसता हसताच ती मालूकाकींच्या मांडीवर वाकली आणि तिला रडू आवरेना.

"मला नसतं वाटलं वाईट," ती म्हणत होती. "नसतं वाटलं गं."

मालूकाकी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बराच वेळ गेला. पूर्वीने चहा आणला, तो तसाच निवला. विश्वजीत उंबऱ्यापाशी बसला होता. ते वाक्य तो मनातल्या मनात रेवाच्या तोंडी घालून बघत होता. मना मावरा पायजे. त्याच्या ओळखीच्या मुलीच्या तोंडी ते बसत नव्हतं, आणि तरी ते तिचंच होतं. ते त्याने पुसलेलं नव्हतं, कारण ते त्याच्याकडे कधी नव्हतंच.

शेवटी अनुया उठून बसली, ओढणीने तोंड पुसलं आणि मालूकाकींचा हात धरून म्हणाली, "काकी, परत म्हणा. ती म्हणायची तसंच."